एम.एस्सी. प्रकल्प: स्टेराइल न्यूट्रिनो डार्क मॅटर ठरतो का, हे एका लॅपटॉपवर कुठवर तपासता येईल?

पैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दोन मुली कणभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्र यांच्या सीमेवरचा विषय घेऊन राहिल्या आहेत: स्टेराइल न्यूट्रिनो (दुर्बल बलही ज्यावर थेट चालत नाही असा, अजून न सापडलेला न्यूट्रिनो) डार्क मॅटर (न दिसणारं, पण गुरुत्वाकर्षणानं जाणवणारं द्रव्य) असू शकतो का. नुसता माहिती गोळा करून छापलेला अहवाल नको, मुलींनी स्वतः आकडे काढावेत अशी इच्छा आहे. साधनं अशी: ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर उबुंटू आणि पायथन, नेट मोबाइलचं, दिवसाला दीड जीबी, दुपारी लाइटचा भरवसा नाही, म्हणून आठ-दहा तास चालणारी आकडेमोड जमणार नाही.

विचारायचं आहे ते:

१. साधा न्यूट्रिनो डार्क मॅटर का होऊ शकत नाही, हे आकड्यांनी कसं दाखवायचं?
२. स्टेराइल न्यूट्रिनोचं वस्तुमान "केईव्हीच्या घरात" (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ही खालची हद्द येते कुठून?
३. २०१४ ची ३.५ केईव्हीची क्ष-किरण रेषा (स्टेराइल न्यूट्रिनोच्या क्षयाची खूण असावी अशी वाटलेली) आता मेली असं धरायचं का? खरा डेटा उतरवून मुलींना काही करता येईल का?
४. विम्प, अ‍ॅक्सिऑन वगैरे डार्क मॅटरच्या बाकीच्या कल्पित उमेदवारांना अहवालात किती जागा द्यायची?

---

कोरडवाहू

मॅडम, विषय चांगला निवडला आहे. बहुतेक गणित कागदावर किंवा एक्सेलमध्येही होते. पहिले दोन प्रश्न मी घेतो. दहाचे घात १०^-११ असे लिहितो.

साध्या न्यूट्रिनोचा हिशेब एका ओळीचा आहे. महास्फोटानंतर उरलेल्या न्यूट्रिनोंचं आजचं तापमान १.९५ केल्विन आणि संख्या प्रत्येक प्रकाराची घनसेंटीमीटरला ११२. त्यावरून न्यूट्रिनोंचा वाटा ओमेगा-एचवर्ग (विश्वातल्या सरासरी घनतेचं माप) = (तिन्ही वस्तुमानांची बेरीज, ईव्हीमध्ये) ÷ ९३.१४. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालात डार्क मॅटरचा ओमेगा-एचवर्ग ०.१२० आहे. म्हणजे सगळं डार्क मॅटर न्यूट्रिनोंचं व्हायला बेरीज ११.२ ईव्ही लागते. न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजणाऱ्या जर्मनीतल्या कात्रिन प्रयोगाची २०२५ ची मर्यादा एका न्यूट्रिनोला ०.४५ ईव्ही, तिघांची मिळून १.३५. तेवढी पूर्ण धरली तरी डार्क मॅटरचे १२ टक्केच भरतात. प्लँक आणि दीर्घिकांच्या सर्वेक्षणांतून येणारी ०.१२ ईव्हीची मर्यादा धरली तर जेमतेम १ टक्का. दोन्ही आकडे अहवालात वेगवेगळे द्यायला सांगा. पहिला निव्वळ प्रयोगशाळेचा आहे, दुसरा विश्वाचं प्रतिमान गृहीत धरून आलेला आहे. परीक्षकानं नेमका हा फरक विचारला तर मुलींना उत्तर देता आलं पाहिजे.

आता वस्तुमानाची खालची हद्द. ट्रेमेन आणि गन यांनी १९७९ मध्ये मांडलेला हा युक्तिवाद माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचा कणा व्हावा, कारण त्यात क्षेत्र-सिद्धांत लागत नाही, बी.एस्सी.ची सांख्यिकी यांत्रिकी पुरते. न्यूट्रिनो फर्मिऑन आहे, म्हणून एका प्रावस्था-पेशीत (स्थान आणि संवेग मिळून होणाऱ्या अवकाशातली पेशी, आयतन प्लँक-स्थिरांकाचा घन) प्रत्येक फिरकीचा एकच कण मावतो. बुटक्या दीर्घिकेत डार्क मॅटर खूप दाट आहे आणि त्याचा वेग कमी आहे. कण हलका असेल तर तेवढी घनता भरायला इतके कण लागतात की पाउलीचा नियम मोडतो.

सूत्र: मी⁴ ≥ घनता × एच³ ÷ [२ × (२ × पाय × सिग्मा²)^(३/२)]

मी म्हणजे कणाचं वस्तुमान, एच प्लँकचा स्थिरांक, सिग्मा एका दिशेतल्या वेगाचा विखुरलेपणा, आणि छेदातला २ फिरकीचा. घनता ०.१ सौरवस्तुमान प्रति घनपार्सेक घ्या (६.८×१०^-२१ किलो प्रति घनमीटर), सिग्मा १० किमी/से. एच³ येतो २.९×१०^-१००, कंसातली राशी १.५७×१०^१३. उत्तर मी⁴ = ६.३×१०^-१३४, म्हणजे मी = ५×१०^-३४ किलो, म्हणजे सुमारे ०.२८ केईव्ही. कात्रिनच्या ०.४५ ईव्हीपेक्षा हे सहाशे पट जास्त. साधा न्यूट्रिनो इथंही बाद, आणि तोही पहिल्या हिशेबाशी संबंध नसलेल्या कारणानं.

चुका कुठं होतात ते सांगून ठेवतो. १०^-१३४ हा आकडा साध्या सिंगल प्रिसिजनमध्ये सरळ शून्य होतो, कारण तिथं १०^-४५ च्या खाली काही मावत नाही. पायथनचा नेहमीचा दशांश डबल असतो, तिथं अडचण नाही; पण नम-पायचा अ‍ॅरे ३२ बिटांचा केला असेल तर उत्तर शून्य येईल आणि प्रोग्राम काही बोलणार नाही. दुसरं, सिग्मा किमी/सेकंदात तशीच टाकली तर मी⁴ १०^९ पटींनी फुगतं. पण आपण चौथं मूळ घेतो, त्यामुळे अंतिम उत्तर फक्त १७८ पट चुकतं आणि ५० केईव्ही असा "शक्य वाटणारा" आकडा समोर येतो. अशी चूक पकडायला अवघड जाते. अ‍ॅस्ट्रोपाय या पायथन-संचातली एककं वापरायला लावा.

त्याच चौथ्या मुळाचा फायदाही आहे. घनता दुपटीनं चुकली तरी वस्तुमानाची हद्द १९ टक्केच हलते. सुरुवातीच्या उष्ण अवस्थेतलं न्यूट्रिनोंचं वितरण धरलं तर पेशी अर्ध्याच भरलेल्या असतात, तेव्हा हद्द ०.३३ केईव्हीवर जाते. मुलींनी घनता आणि सिग्मा बदलून आलेख काढावा. कुठल्या दीर्घिकेनं हद्द घट्ट होते ते आपोआप दिसेल.

---

मेळघाट_आकाश

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आधी क्षयाचा हिशेब, मग रेषेची स्थिती, मग डेटा.

स्टेराइल न्यूट्रिनोवर दुर्बल बल थेट चालत नाही, पण साध्या न्यूट्रिनोत तो थोडा मिसळलेला असतो. त्या मिश्रणाचं माप साइनवर्ग-२थीटा. या मिश्रणामुळे तो फुटतो. बहुतेक वेळा त्याचे तीन न्यूट्रिनो होतात, आणि साधारण १२८ पैकी एका वेळी एक न्यूट्रिनो आणि एक फोटॉन. फोटॉनची ऊर्जा बरोबर अर्ध्या वस्तुमानाइतकी. म्हणून ३.५५ केईव्हीची रेषा म्हणजे ७.१ केईव्हीचा कण.

फोटॉन देणाऱ्या क्षयाचा दर (न्यूट्रिनो मायोराना प्रकारचा, म्हणजे स्वतःचाच प्रतिकण असलेला, धरून):

गॅमा = १.३८×१०^-२२ × साइनवर्ग-२थीटा × (वस्तुमान केईव्हीत)⁵ प्रति सेकंद

वस्तुमान ७.१ आणि मिश्रण ७×१०^-११ टाका. गॅमा १.७×१०^-२८ प्रति सेकंद, म्हणजे विश्वाच्या वयाच्या सुमारे १३०० कोटी पट आयुष्य. तरीही रेषा दिसण्याची आशा का, तर कण अगणित आहेत. सूर्याच्या आसपास डार्क मॅटरची घनता घनसेंटीमीटरला ०.४ जीईव्ही धरली तर ७.१ केईव्हीचे ५६ हजार कण एका घनसेंटीमीटरात होतात.

आता ड्रॅको ही बुटकी दीर्घिका घ्या. अंतर ८० किलोपार्सेक, दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात येणारं डार्क मॅटर २×१०^७ सौरवस्तुमान धरू. कणांची संख्या ३.१×१०^६९, सेकंदाला फोटॉन ५.५×१०^४१. त्याला ४ × पाय × अंतर² नं भागा (अंतर सेंटीमीटरमध्ये, २.४७×१०^२३). पृथ्वीवर येतात चौरस सेंटीमीटरला सेकंदाला ७×१०^-७ फोटॉन. एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण उपग्रहाचं एकूण प्रभावी क्षेत्रफळ हजार चौ.सेमी धरलं तर दहा लाख सेकंदांत ७०० फोटॉन. ऐकायला बरे वाटतात, पण त्याच ऊर्जेच्या पट्टीत पार्श्वभूमीचे फोटॉन याच्या कितीतरी पट असतात. ड्रॅकोवर २०१५ मध्ये खरोखरच सुमारे १४ लाख सेकंदांचं निरीक्षण झालं आणि रेषा मिळाली नाही. शिवाय आपण स्वतः आकाशगंगेच्या डार्क मॅटरमध्ये बसलो आहोत, म्हणून कुठंही पाहिलं तरी आपल्याच प्रभामंडळाचा वाटा त्यात मिसळतो. हा वाटा विसरला की मर्यादा उगाच ढिली येते.

रेषेची गोष्ट थोडक्यात. फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दावा केला. एकानं ७३ दीर्घिकासमूहांचे वर्णपट एकावर एक रचून, दुसऱ्यानं देवयानी दीर्घिका आणि पर्सियस समूहातून. अडचण अशी की पोटॅशियमच्या हेलियमसारख्या आयनाच्या रेषा ३.४७ आणि ३.५१ केईव्हीला आहेत, आर्गनची एक ३.६२ ला. सीसीडी शोधकाचं ऊर्जाविभेदन १०० ईव्हीच्या आसपास. चाळणीची भोकं मोठी असली की मूग-उडीद वेगळे होत नाहीत, तसं इथं झालं. पोटॅशियम किती आहे आणि वायूचं तापमान किती, यावर सगळा वाद येऊन थांबला.

तो सोडवायला ५ ईव्ही विभेदनाचा कॅलरीमीटर लागतो. हितोमी उपग्रहावर तो होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये उपग्रह वर गेला आणि मार्चअखेर निकामी झाला, पण तेवढ्यात पर्सियसचं निरीक्षण झालं होतं. आधी सांगितलेल्या तीव्रतेची रेषा तिथं नव्हती. २०२० मध्ये आकाशाच्या रिकाम्या भागांतल्या सुमारे ३ कोटी सेकंदांच्या एक्सएमएम डेटातूनही "नाही" असंच आलं. त्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले: ऊर्जेची खिडकी फार अरुंद घेतली आणि ३.३ व ३.७ केईव्हीच्या क्षीण रेषा नीट धरल्या नाहीत, म्हणून मर्यादा वाजवीपेक्षा घट्ट आली. सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या एक्सरिझम उपग्रहाच्या समूहांवरच्या निरीक्षणांतही ही रेषा आलेली नाही. माझं मत स्पष्ट आहे. ती रेषा पुरावा म्हणून आता वापरू नये. पण रेषा गेली म्हणून उमेदवार जात नाही. मिश्रण ७×१०^-११ ऐवजी १०^-१२ असेल तर रेषा दिसायलाच नको. अहवालात या दोन वाक्यांची गल्लत होऊ देऊ नका.

डेटाचं म्हणाल तर एक्सएमएमच्या कच्च्या डेटाच्या वाटेला दीड जीबीच्या नेटवर जाऊ नका. एकेका निरीक्षणाच्या फाइली शेकडो एमबी, वर त्यांचं सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशनच्या फाइली वेगळ्या. त्यापेक्षा संग्रहातून तयार वर्णपट उतरवा. सोबत प्रतिसादाच्या दोन फाइली लागतात: एक ऊर्जेच्या पसरण्याची, एक प्रभावी क्षेत्रफळाची. दोन्ही नसतील तर वर्णपट निरुपयोगी. एक्सस्पेक या वर्णपट जुळवायच्या प्रोग्राममध्ये तप्त वायूचं प्रतिमान, त्यावर घातनियमाची पार्श्वभूमी, त्यावर एक अरुंद गाउसियन बसवा. गाउसियनचं स्थान ३ ते ४ केईव्ही दरम्यान ०.०२५ च्या पायरीनं सरकवा आणि प्रत्येक ठिकाणी सी-स्टॅट (प्रतिमान डेटाशी किती जुळत नाही याचं माप) २.७१ नं वाढेपर्यंत तीव्रता वाढवा. ती ९५ टक्क्यांची वरची मर्यादा. काय-वर्ग वापरायचा असेल तर प्रत्येक खणात पुरेसे फोटॉन हवेत. कमी फोटॉनांवर तो पक्षपाती उत्तर देतो.

इथं फसवणाऱ्या गोष्टी: ३.३१ केईव्हीला पोटॅशियमची आणि ३.६९ ला कॅल्शियमची उपकरणातलीच क्षीण रेषा, ३.३२ ला तप्त आर्गनची खरी रेषा. शिवाय चाळीस ठिकाणी रेषा शोधल्यावर दोन सिग्माचा उंचवटा कुठंतरी मिळणारच. तो सापडला म्हणून मुलींनी हुरळून जाऊ नये.

---

पैनगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ड्रॅकोचं गणित मुलींनी वहीत करून पाहिलं, आकडे जुळले.

एक शंका. दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशातल्या हायड्रोजनच्या लायमन-अल्फा रेषांवरून "वॉर्म (थोडं वेगवान) डार्क मॅटर ३.३ केईव्हीपेक्षा जड हवं" असं वाचनात आलं. आपला कण ७ केईव्हीचा, म्हणजे या परीक्षेत तो सहज पास होतो ना? आणि तो तयार कसा होतो, हा भाग अहवालात टाळता येईल का?

---

धानपट्टा

मॅडम, टाळता येणार नाही, आणि तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तरही त्यातच आहे. तो पास होत नाही.

३.३ केईव्ही हा आकडा "थर्मल" कणासाठी आहे, म्हणजे एकेकाळी समतोलात असलेला आणि पुढे साध्या न्यूट्रिनोपेक्षा थंड पडलेला कण. केईव्हीचा स्टेराइल न्यूट्रिनो समतोलात कधीच येत नाही. डोडेलसन आणि विड्रो यांच्या १९९४ च्या पद्धतीत तो साध्या न्यूट्रिनोंच्या दोलनातून थेंबाथेंबानं तयार होतो, आणि त्याचं वेगवितरण साध्या न्यूट्रिनोसारखंच गरम राहते. त्यामुळे तेवढाच "थंडपणा" यायला तो बराच जड लागतो. रूपांतर असं:

स्टेराइलचं वस्तुमान = ४.४३ केईव्ही × (थर्मल वस्तुमान केईव्हीत)^(४/३)

(ओमेगा-एचवर्ग ०.१२२५ धरून, ०.१२० घेतलं तर फरक नगण्य.) थर्मल ३.३ म्हणजे स्टेराइल २२ केईव्ही. आकाशगंगेच्या उपदीर्घिका मोजून २०२१ मध्ये आलेली मर्यादा थर्मल ६.५ केईव्ही आहे. तिचे होतात ५४ केईव्ही. ७.१ केईव्हीचा डोडेलसन-विड्रो कण इथंच बाद झाला.

आता दुसऱ्या बाजूनं क्ष-किरणांची भिंत बघा. फोटॉन-प्रवाह मिश्रण × वस्तुमान⁴ च्या प्रमाणात जातो. गॅमातल्या पाचव्या घातातला एक कणांच्या संख्येत कटतो. प्रवाहाची मर्यादा १०^-६ धरली, तर मेळघाट भाऊंच्या ड्रॅकोच्या आकड्यांवरून ७.१ केईव्हीला मिश्रण १०^-१० च्या खाली हवं, आणि वस्तुमान दुप्पट केलं की ही मर्यादा १६ पट घट्ट होते. याउलट सगळं डार्क मॅटर या पद्धतीनं तयार व्हायला लागणारं मिश्रण वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, आणि ७ केईव्हीला ते काही गुणिले १०^-९ असते. दोन्ही रेषा लॉग-लॉग कागदावर काढा. त्या छेदतात १ ते २ केईव्हीच्या आसपास. खालच्या ऊर्जेला पार्श्वभूमी जास्त, म्हणून प्रत्यक्ष छेद थोडा वर सरकतो, पण २२ पर्यंत काही जात नाही. म्हणजे डोडेलसन-विड्रोनं सगळं डार्क मॅटर बनवायला जागाच उरलेली नाही. मुलींनी हा एक आलेख नीट काढला तरी प्रकल्पाचं चीज होते.

मग लोक अजून यावर काम करून काहून राहिले? कारण तयार होण्याचा मार्ग बदलला की दोन्ही भिंती हलतात. शी आणि फुलर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की विश्वात लेप्टॉनांचं आधिक्य असेल तर दोलनाला अनुनाद मिळते. तेव्हा फार कमी मिश्रणात पुरेसं द्रव्य तयार होते आणि ते मंद वेगाचं असते. ७ केईव्हीसाठी हे आधिक्य १०^-४ ते १०^-३ लागते. बॅरिऑनांचं आधिक्य फोटॉनामागे ६×१०^-१० आहे हे लक्षात घ्या, म्हणजे जवळजवळ दहा लाख पट. एवढं आधिक्य आलं कुठून हे वेगळं समजावून द्यावं लागते. आणि तरीही २०१४ च्या रेषेला जुळणारा अनुनादी कण थर्मल भाषेत २ ते ३ केईव्हीइतकाच थंड निघते, म्हणजे नव्या मर्यादांपुढे तोही अडचणीत. तिसरा मार्ग म्हणजे एखाद्या जड अदिश कणाच्या क्षयातून तयार होणं. तिथं मिश्रण शून्याजवळ चालते आणि कणही जास्त थंड मिळते. त्या मार्गाला क्ष-किरणांनी हात लागत नाही, पण मग तपासायचं कशानं हाही प्रश्न उभा राहते.

निर्मिती कधी होते तेही काढायला लावा: शिखर-तापमान सुमारे १३३ एमईव्ही × (वस्तुमान केईव्हीत)^(१/३). ७ केईव्हीला २५० एमईव्ही येते. क्वार्कांचे हॅड्रॉन होण्याचं तापमान १५५ एमईव्हीच्या आसपास, म्हणजे निर्मिती नेमकी त्या गोंधळाच्या शेजारी. वेगवेगळ्या शोधनिबंधांत निर्मितीच्या रेषा एकमेकींवर का बसत नाहीत, याचं मोठं कारण हे.

संरचनेचा भाग करायचा तर क्लास हा विश्वातल्या घनतेचे चढउतार काढणारा प्रोग्राम ८ जीबीत आरामात चालते आणि उतरवायलाही लहान आहे. आधी हातानं करा: संक्रमण-फलन (थंड द्रव्याच्या तुलनेत चढउतार किती उरतात) = [१ + (अल्फा × के)^२.२४]^(-४.४६), अल्फा = ०.०४९ × (थर्मल वस्तुमान)^-१.११ मेगापार्सेक प्रति एच, के म्हणजे तरंगसंख्या. ३.३ केईव्हीला अल्फा ०.०१३; फलन निम्म्यावर येते के = ३५ एच प्रति मेगापार्सेकला; त्या लांबीतलं वस्तुमान सुमारे २.६×१०^८ सौरवस्तुमान प्रति एच. याच्या खालच्या दीर्घिका बनायला अडचण.

इथं हमखास दोन चुका होतात. हे फलन घनतेच्या चढउतारांचं आहे. पॉवर-स्पेक्ट्रमला त्याचा वर्ग लावायचा. आणि इथला एच म्हणजे हबल-स्थिरांकाचा लहान एच (०.६७), कोरडवाहू भाऊंच्या सूत्रातला प्लँकचा नव्हे. क्लासमध्ये गरम-द्रव्याचा एक घटक ठेवा, वस्तुमान ईव्हीमध्ये द्या (७ नव्हे, ७०००), तापमानाचं गुणोत्तर डोडेलसन-विड्रोसाठी ०.७१६ ठेवा आणि ओमेगा-एचवर्ग ०.१२० द्या, वितरणाची उंची प्रोग्राम स्वतः जुळवून घेते. के ची वरची सीमा १०० पर्यंत वाढवा, नाहीतर घसरण सुरू व्हायच्या आतच आलेख संपते. त्यातलं फ्लुइड-सन्निकटन एकदा बंद करून निकाल बदलते का पाहा. अनुनादी वितरण हवं असेल तर स्टेराइल-डीएम नावाचा खुला प्रोग्राम ते काढून देते आणि ती फाइल क्लासला देता येते. पण दोन सत्रांत तिथवर पोचायचा हट्ट नको.

---

सातपुडा_पायथा

चौथा प्रश्न राहिला. विम्प-अ‍ॅक्सिऑनला मिळून तीन पानांपेक्षा जास्त देऊ नका, पण तुलना एकाच गोष्टीवर करा: प्रत्येक उमेदवार थंड कसा राहतो.

विम्प जड आहे (दहा ते हजार जीईव्ही), म्हणून समतोलातून सुटताना आपोआप संथ. त्याचा शोध द्रव झेनॉनच्या टाक्यांत चालू आहे. अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या एलझेड प्रयोगात सात टन झेनॉन प्रत्यक्ष शोधक म्हणून काम करतं. २०२४ च्या निकालात ४० जीईव्हीच्या आसपास २.२×१०^-४८ चौ.सेमीपर्यंतचे छेद (टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप) बाद झाले. त्याच वर्षी झेनॉन-एनटी आणि पांडाएक्स यांना सूर्याच्या बोरॉन-८ न्यूट्रिनोंची झेनॉनच्या केंद्रकावरची टक्कर दिसू लागल्याची पहिली चिन्हं मिळाली. यापुढे साधा न्यूट्रिनोच विम्पच्या शोधात धुकं घालणार आहे, आणि तुमच्या विषयाशी हे जुळतं. अहवालात आपल्याकडचा उल्लेख हवा असेल तर झारखंडमधल्या जादुगुडा खाणीत ५५५ मीटर खोल असलेली प्रयोगशाळा घ्या.

अ‍ॅक्सिऑन इतका हलका (मायक्रो-ईव्ही) असूनही थंड, कारण तो उष्णतेतून येतच नाही. तो अख्ख्या विश्वभर एकसाथ हेलकावणाऱ्या क्षेत्रातून येतो. "हलका म्हणजे गरम" हा न्यूट्रिनोवरून झालेला समज इथं मोडतो, आणि तोंडी परीक्षेत यावर प्रश्न येतो. तो बोसॉन असल्यामुळे ट्रेमेन-गनची हद्दही त्याला लागू नाही. आदिम कृष्णविवरांसाठी लघुग्रहांच्या वस्तुमानाची खिडकी अजून उघडी आहे. एक परिच्छेद पुरे.

एक गोष्ट मात्र ठळक लिहा. एलएसएनडी आणि मिनीबून हे न्यूट्रिनो-प्रयोग, गॅलियम प्रयोगातली तूट यांत ज्याची चर्चा होते तो स्टेराइल न्यूट्रिनो ईव्हीच्या घरातला. तो आणि तुमचा केईव्हीचा वेगळे. ईव्हीवाला मोठ्या मिश्रणामुळे पूर्ण समतोलात येईल आणि प्रभावी न्यूट्रिनो-संख्या ३.०४ वरून ४ च्या जवळ नेईल. प्लँक सांगतो २.९९ ± ०.१७. डार्क मॅटर म्हणूनही तो गरमच. "स्टेराइल न्यूट्रिनो नाकारला गेला" अशी बातमी आली की आधी एकक बघायचं.

प्रयोगशाळेत केईव्हीवाला शोधायचा तर ट्रिटियमच्या क्षयाच्या वर्णपटात एक बारीक कोपरा शोधावा लागतो. ट्रिटियमची कमाल ऊर्जा १८.६ केईव्ही, म्हणून त्याच्या वरचं वस्तुमान दिसणारच नाही. कात्रिनवर यासाठी ट्रिस्टन नावाचा शोधक बसवायची योजना आहे. मिश्रणाच्या बाबतीत तो क्ष-किरणांच्या मर्यादेच्या आसपासही पोचत नाही. तरी मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या निकालात डार्क मॅटरची घनता कुठंच गृहीत धरावी लागत नाही.

---

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. आराखडा असा ठरवते: ट्रेमेन-गन, क्षयाचा प्रवाह, मिश्रण-वस्तुमानाचा आलेख, क्लास. वर्णपट वेळ उरला तर. शेवटचं विचारते: मुलींना आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा वापरायची फार इच्छा आहे. त्यातून मर्यादा काढता येईल का?

---

मेळघाट_आकाश

डेटा खुला आहे आणि इच्छा चांगली आहे, पण आधी अंदाज मुलींनाच काढू द्या. अ‍ॅस्ट्रोसॅटची क्ष-किरण दुर्बीण ०.३ ते ८ केईव्ही पाहते, म्हणजे ऊर्जा जुळते. प्रभावी क्षेत्रफळ १.५ केईव्हीला सुमारे ९० चौ.सेमी, ३.५ ला त्याहून कमी. ५० चौ.सेमी धरा. ड्रॅकोचा ७×१०^-७ प्रवाह, निरीक्षण एक लाख सेकंदांचं: हाती येतात साडेतीन फोटॉन. ड्रॅकोऐवजी दीर्घिकासमूह घेतला तर फोटॉन वाढतात, पण मग पोटॅशियम-आर्गनच्या रेषा सोबत येतात आणि सीसीडीचं विभेदन तेच शंभर-दीडशे ईव्ही.

म्हणून मर्यादा काढायला नको, तुलनेला घ्या. एकाच लक्ष्यासाठी क्षेत्रफळ, विभेदन आणि वेळ बदलून अ‍ॅस्ट्रोसॅट, एक्सएमएम, एक्सरिझम असा तक्ता करा. रेषेची अपेक्षित रुंदीही त्यात ठेवा: आकाशगंगेतल्या २०० किमी/से वेगाला ३.५५ केईव्हीवर २.४ ईव्ही, समूहातल्या १००० किमी/से ला १२ ईव्ही. पर्सियसच्या वायूत हितोमीनं १६४ किमी/से चा विक्षोभ मोजला, म्हणजे पोटॅशियमची रेषा तिथं २ ईव्हीच्या आसपास बारीक असणार. समूहात डार्क मॅटरची रेषा रुंद आणि वायूची बारीक. हा फरक ५ ईव्ही विभेदनाला दिसतो, १०० ला दिसत नाही. एक्सरिझमच्या शोधकापुढची झडप उघडलेली नसल्यामुळे त्याचं क्षेत्रफळ आराखड्यापेक्षा कमी आहे, तेव्हा प्रक्षेपणाआधीच्या कागदपत्रांतला आकडा घेऊ नका; झडप बंद असतानाची प्रतिसाद-फाइल वेगळी मिळते, तीच उतरवा.